१५ मीटरच्या रूटमध्ये एवढं काय आहे?

मागच्या अंकात मी ॲक्शन डिरेक्टबद्दल लिहिलं होतं, म्हणजे जर्मनीत फ्रँकेनयुराच्या जंगलातला तो रूट (कातळावर चढायची ठरलेली वाट) जो जर्मन क्लाइंबर वोल्फगांग गुलिशने १९९१ मध्ये पहिल्यांदा चढला, आणि शेवटी जाता जाता एक ओळ टाकली होती की अशा रूटची फिल्म करणं हे पण चढण्याइतकंच जीव लावून करायचं काम आहे. त्या एका ओळीवर इतके प्रश्न आलेत की यावेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय. जास्त नाशिकचेच आहेत, आणि मला फार बरं वाटलं कारण दहा वर्षांपूर्वी इथे स्पोर्ट क्लाइंबिंग, म्हणजे कातळात आधीच ठोकलेल्या बोल्टांना रोप अडकवत चढणं, म्हटलं की लोक विचारायचे कुठला ट्रेक.

प्रश्न (सिडको): ताई, तुमचा लेख वाचून मी तो व्हिडिओ शोधून बघितला. दोन मिनिटांत माणूस वर पोचला पण. १५ मीटर म्हणजे पाच मजल्यांची बिल्डिंग. आम्ही हरिहर किल्ला सात-आठ वेळा केलाय, पावसात पण केलाय, तिथे खाली बघितलं की पोटात गोळा येतो. मग या १५ मीटरला ऐतिहासिक का म्हणायचं?

उत्तर: मला पण पहिल्यांदा हेच वाटलं होतं. असं करा, तुमच्या बिल्डिंगच्या जिन्याखाली जाऊन उभे रहा आणि वर बघा, तो जो तिरका स्लॅब डोक्यावरून जातो ना, त्याच्या खालच्या अंगाने, पाठ जमिनीकडे करून वर जायचंय. भिंत साधारण ४५ अंशात आपल्या अंगावर आलेली आहे. आता हरिहर आठवा. ज्यांनी कड्यातल्या त्या पायऱ्या कोरल्या त्यांनी हात घालायला खोबण्या पण कोरून ठेवल्या, बोटं आत जातात आणि घट्ट बसतात, म्हणजे कुणीतरी कधीकाळी तुमच्या-माझ्या हाताचा विचार केलेला आहे. तिथे भीती उंचीची असते, हाताला काम सोपं असतं. वाल्डकोफ नावाच्या कातळावर, जिथे हा रूट आहे, बरोब्बर उलटं आहे. उंची काहीच नाही, पडलात तर रोपवर लटकाल, पण धरायला जे आहे ते चुनखडीच्या खडकातली बारीक भोकं, कुठे दोन बोटं जातात तर कुठे जेमतेम एक. आणि सुरुवातच उडीने. दोन बोटांवर सगळं अंग तोलून उडी मारायची आणि हवेत असताना पुढच्या भोकात बोट घालून तिथेच थांबायचं, पाय सुटले तरी बोट सुटता कामा नये.

गुलिशला कळलं होतं की नुसतं चढून चढून ही ताकद येणार नाही. त्याने १९८८ मध्ये न्यूरेंबर्गच्या कॅम्पस सेंटर नावाच्या जिममध्ये एका तिरक्या फळीवर लाकडाच्या पट्ट्या ठोकल्या आणि पाय न लावता, फक्त बोटांवर, एका पट्टीवरून दुसरीवर झेप घ्यायचा सराव सुरू केला. आज जगातल्या बहुतेक क्लाइंबिंग जिममध्ये जो कॅम्पस बोर्ड दिसतो तो हाच, नाव पण त्या जिमवरूनच पडलं. मग १४ सप्टेंबर १९९१ ला रूट झाला. त्याने त्याला जर्मन पद्धतीने ११ ग्रेड, म्हणजे अवघडपणाचा आकडा, दिला आणि पुढे फ्रेंच पद्धतीत (आकडा आणि अक्षर जितकं पुढचं तितका रूट अवघड) सगळ्यांनी मिळून तो जगातला पहिला ९ए मानला. (इंग्लंडमध्ये बेन मूनने १९९० मध्ये हबल नावाचा रूट केला होता, तो पण ९ए आहे असं आज बऱ्याच जणांचं म्हणणं आहे, हा वाद जुना आहे आणि मला तो संपावा असं वाटतही नाही कारण त्या निमित्ताने लोक दोन्ही रूट पुन्हा पुन्हा करून बघतात.) ॲक्शन डिरेक्ट हे नाव त्याने फ्रान्समधल्या एका जहाल संघटनेवरून ठेवलं, कारण हा रूट म्हणजे बोटांच्या टेंडनवर थेट हल्ला.

वर्षभराच्या आतच, ऑगस्ट १९९२ मध्ये, गुलिश कार अपघातात गेला. ३१ वर्षांचा होता. हे लिहिताना मला दर वेळी थांबावं लागतं, कारण दुसऱ्या कुणीतरी आपला रूट केलेला त्याला बघायलाच मिळालं नाही. दुसरा माणूस अलेक्झांडर आडलर, १९९५ मध्ये. तिसरा इकेर पोऊ, २०००. ॲडम ओन्ड्राने २००८ मध्ये केला तेव्हा तो १५ वर्षांचा होता. अलेक्स मेगोस, जो तिथूनच जवळच्या अर्लांगेनचा, त्याने २०१४ मध्ये दोन तासांच्या आत केला. आणि मेलिसा ल नेव्ह ही फ्रेंच क्लाइंबर पहिल्यांदा २०१४ मध्ये त्या रूटवर गेली आणि तिला तो मिळाला मे २०२० मध्ये. बाईने ९ए चढण्याची ती पहिली वेळ नव्हती, स्पेनच्या होसुने बेरेझिआर्तूने २००२ मध्येच ९ए केलेला होता, पण या रूटवर पहिली बाई यायला गुलिशनंतर २९ वर्षं लागली. तुम्ही बघितलेली दोन मिनिटं म्हणजे कुणाच्या तरी सहा वर्षांतली शेवटची दोन मिनिटं असू शकतात, आणि बाकीची सहा वर्षं व्हिडिओत नसली तर सिडकोतल्या माणसाला हाच प्रश्न पडणार, त्यात त्याची चूक नाही. शूट करणाऱ्याची आहे.

प्रश्न (गंगापूर रोड): ताई नमस्कार, माझी बहीण अर्लांगेनला एमएस करतेय, सप्टेंबरमध्ये मी तिच्याकडे जातोय. वाल्डकोफला जाऊन शूट करायची फार इच्छा आहे. माझ्याकडे एक साधा मिररलेस कॅमेरा, किट लेन्स आणि मोबाइल आहे. मी स्वतः ६बी-६सी चढतो. तिथे कुणी रूटवर असेलच असं नाही हे माहितीये. नुसता खडक शूट करण्यात काही अर्थ आहे का?

उत्तर: आहे! बहिणीला सांगा की एक दिवस जेवणाचा डबा बांधून दे आणि सोबत चल. सप्टेंबर म्हणजे गुलिशचाच महिना, थंडी सुरू होत असते आणि कोरड्या थंड हवेत बोटांची पकड चांगली बसते म्हणून लोक रूटवर असण्याची शक्यता पण बरी असते. जाण्याआधी एक बघा, फ्रँकेनयुरात काही कातळ पक्ष्यांच्या विणीच्या काळात बंद ठेवतात, बहिरी ससाणा आणि मोठं घुबड यांच्यासाठी, तिथे पायथ्याशी पाट्या असतात आणि तिथले क्लाइंबर त्या अगदी काटेकोर पाळतात. सप्टेंबरात सहसा अडचण नाही पण पाटी वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता शूटिंग. सगळ्यात मोठी चूक जी मी पहिली तीन वर्षं केली ती म्हणजे कातळाखाली उभं राहून वाइड लेन्सने वर शूट करणं. त्यात चढणाऱ्याच्या पँटची मागची बाजू दिसते आणि ४५ अंशाची भिंत सपाट जमिनीसारखी दिसते, सगळा अवघडपणा लेन्स खाऊन टाकते. बाजूला जा. जितकं बाजूने, म्हणजे भिंतीच्या कडेला समांतर उभं राहता येईल तितकं उभं रहा, आणि किट लेन्सच्या लांबच्या टोकाने, ५० मिमीच्या आसपास, शूट करा. आणि फ्रेममध्ये एक ओळंबा ठेवा. गवंडी भिंत सरळ आहे का बघायला जो ओळंबा सोडतो तोच. इथे ओळंब्याचं काम लटकलेला क्विकड्रॉ (बोल्टला रोप अडकवायचा पट्टा) करतो, किंवा मोकळा सोडलेला रोप, किंवा मागचं सरळ झाडाचं खोड. एकदा का तो उभा दोरा आणि ही अंगावर आलेली भिंत एका फ्रेममध्ये आली की बघणाऱ्याला कुणी सांगावं लागत नाही, त्याचं पोट आपोआप आत ओढलं जातं.

दुसरं, कातळ जंगलात आहे, झाडांच्या सावलीत आहे, त्यामुळे उजेड कमी आणि हिरवट असणार. व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवू नका, नाहीतर एका शॉटमध्ये माणूस गुलाबी आणि पुढच्यात हिरवा. कोरड्या ढगाळ दिवशी जास्त चांगलं येतं, उन्हात झाडांतून चट्टेपट्टे पडतात आणि चढणारा माणूस त्यात हरवून जातो.

तिसरं, कुणी रूटवर असेल तर आधी विचारा. शूट करू का, कुठे उभा राहू, हे दोनच प्रश्न, आणि ते पण तो खाली विश्रांती घेत असताना, शूज घालताना नाही. नाही म्हणाला तर कॅमेरा बॅगेत. माणसाने वर्षभराची सुट्टी साठवून एका ट्रायसाठी आणलेली असते. हो म्हणाला तर पहिल्या उडीला सेकंदाला १०० किंवा १२० फ्रेमवर शूट करा, कारण ती उडी एका सेकंदात संपते आणि साध्या स्पीडला बोट भोकात कधी गेलं ते दिसतच नाही. बाकी रूट मात्र साध्या स्पीडने. सगळंच स्लो मोशन केलं की चढणारा पाण्यात पोहतोय असं वाटतं, आणि या रूटचा खरा स्वभाव म्हणजे घाई आहे, थांबलात की बोटं संपली.

आणि कुणीच नसलं तर? तर भोकं शूट करा. वर चढून नाही, खालून झूम करून, हाताला लावायच्या खडूचे डाग, घासून गुळगुळीत झालेल्या कडा. किती लोकांची बोटं तिथे जाऊन परत आलीत ते त्या पांढऱ्या डागांवर दिसतं. मग खाली उभं राहून पहिल्या होल्डकडे, म्हणजे पकडीकडे, हात वर करून बहिणीकडून एक फोटो काढून घ्या. अंतर किती आहे ते तेव्हा कळेल.

प्रश्न (सातपूर): आमच्या ग्रुपमध्ये एक जण भारी चढतो, त्याचा प्रोजेक्ट (ज्या रूटवर तो बरेच दिवस प्रयत्न करतोय तो) शूट करायचाय. वरून, रोपवर लटकून शॉट घ्यायचाय, मोठ्या फिल्ममध्ये असतात तसे. मला रॅपलिंग येतं. अजून काय लागेल?

उत्तर: रॅपलिंग म्हणजे खाली येणं. तुम्हाला तिथे तासन्‌तास थांबायचंय, वर-खाली व्हायचंय, आणि हातात दोन-तीन किलोचा कॅमेरा असणार. म्हणून आधी कॅमेऱ्याशिवाय, एका छोट्या पॅचवर, कुणा अनुभवी माणसाबरोबर, ज्युमार (रोपवर फक्त वर सरकणारी पकड) आणि ग्रिग्रीने (रोप अडवणारं ब्रेकचं साधन) स्टॅटिक, म्हणजे न ताणणारा, रोप चढणं-उतरणं इतकं करा की गप्पा मारता मारता करता आलं पाहिजे.

तुमचा अँकर (रोप वर जिथे बांधतात ती जागा) चढणाऱ्याच्या अँकरपासून पूर्ण वेगळा, त्याच्या बोल्टला हात लावायचा नाही. निदान दोन मजबूत पॉइंट, एक गेला तरी दुसऱ्याने धरलं पाहिजे. रोप जिथे कड्याच्या काठावरून खाली येतो तिथे प्रोटेक्टर, नसेल तर जाड कॅनव्हासची जुनी सॅक कापून घाला पण उघडा रोप बेसॉल्टच्या धारेवर ठेवू नका, आपल्या सह्याद्रीच्या कातळाची धार सुरीसारखी असते. हे सगळं त्या अनुभवी माणसाकडून तपासून घ्या, वाचून केलं असं नको. हेल्मेट. कॅमेरा, लेन्सची टोपी, मोबाइल, सगळं दोरीने अंगाला बांधलेलं. खाली माणूस चढत असताना वर लेन्स बदलायची नाही, कधीच नाही. पावसाळा संपल्यावर पहिले काही आठवडे आपल्याकडचे कडे सुटे झालेले असतात, तुमच्या पायाने निघालेला एक दगड खालच्या माणसाच्या डोक्यात जातो. आणि हार्नेसमध्ये नुसतं लटकून राहिलात तर अर्ध्या तासात पाय बधिर होतात, ते पुढे धोक्याचं पण होऊ शकतं, म्हणून बुडाखाली झोपाळ्याला असते तशी लाकडी फळी घ्या, चार कोपऱ्यांना दोरी, पाय हलवत रहा.

अजून एक गोष्ट कुणी सांगत नाही. भिंत अंगावर आलेली असली की वरून सोडलेला रोप भिंतीपासून लांब हवेत लटकतो. म्हणजे तुम्ही वर असताना चढणाऱ्याच्या जवळ असता पण जसजसे खाली याल तसतसा तो आत आणि तुम्ही बाहेर. कधी कधी ते छानच असतं, त्याचा चेहरा समोरून मिळतो. पण हवेत तुम्ही गोल गोल फिरायला लागता आणि शॉट वाया जातो, त्यासाठी खालून एक बारीक दोरी बांधून कुणालातरी धरायला सांगा.

हे सगळं शिकताना माझ्यासमोर कायम हाइन्झ त्साक हा ऑस्ट्रियन फोटोग्राफर राहिलाय. गुलिशने १९८६ मध्ये अमेरिकेत योसेमिटीला सेपरेट रिॲलिटी नावाचं आडवं छत रोपशिवाय चढलं, खाली साधारण २०० मीटर नुसती दरी, आणि त्याचा तो जगभर गाजलेला फोटो त्साकचा आहे. आणि २००५ मध्ये त्साक स्वतः तेच छत रोपशिवाय चढला. तुम्ही हे करा असं अजिबात म्हणत नाहीये, रोपशिवाय काहीही करू नका. पण तो फोटो इतका शांत का आहे ते मला यातून कळलं, कॅमेऱ्यामागच्या माणसाला समोरच्याचं बोट कुठल्या क्षणी दुखतंय हे आतून माहीत होतं. तुमच्या दोस्ताच्या रूटवर तुम्ही टॉप रोप, म्हणजे वरून आधीच अडकवलेला रोप, लावून निदान खालच्या मूव्ह करून बघा. नाही जमल्या तरी कुठे कॅमेरा ठेवायचा ते तुमच्या हाताला कळेल.

प्रश्न (पंचवटी): दोस्ताने दोन वर्षांचा प्रोजेक्ट सेंड केला (न पडता पूर्ण चढला) आणि नेमका त्या ट्रायला कॅमेरा बंद होता. तो म्हणतोय परत चढतो, तू शूट कर, कुणाला कळणार आहे? मला बरोबर वाटत नाहीये पण फिल्म तर हवीये. काय करू?

उत्तर: हे माझ्याबाबतीत झालंय.

जानेवारीत निफाडचा पारा उतरला की आमच्या ग्रुपमध्ये मेसेज सुरू होतात, बदामीला चला. लाल वालुकाश्म, सकाळची थंडी, हाताला कातळ चिकटतो असा. आमचा एक दोस्त तिथल्या एका लाइनवर तीन हिवाळे जात होता आणि तिन्ही हिवाळे मी शूट करत होते. माझ्याकडे त्याच्या पडण्याचे तासन्‌तास फुटेज होते, एकाच मूव्हला, उजवा हात बाहेर फेकताना डावा पाय सुटायचा. तिसऱ्या हिवाळ्यात चौथ्या दिवशी सकाळी तो म्हणाला एक वॉर्मअप ट्राय करतो, मी म्हटलं कर, आणि मी बॅटरी बदलायला खाली वाकले. त्या वॉर्मअपमध्ये तो पाय सुटला नाही. मी वर बघितलं तेव्हा तो रूटच्या टोकाच्या साखळीच्या दोन क्लिप खाली होता आणि माझ्या हातात उघडा कॅमेरा होता. मी कॅमेरा ठेवून दिला आणि बघितलं. बरं झालं बघितलं.

दुसऱ्या दिवशी तो तुमच्या दोस्तासारखाच म्हणाला, परत चढतो. आम्ही चढलो, शूट केलं, शॉट एकदम सुंदर आले, उजेड पण छान. पण एडिटला बसल्यावर मला ते लावताच येईना. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. आदल्या दिवशी त्याला माहीत नव्हतं की जमणार आहे, आज माहीत होतं, आणि तेवढा फरक कॅमेऱ्याला दिसतो.

मग लक्षात आलं की बिलेयरच्या (खाली रोप सांभाळणाऱ्याच्या) जॅकेटला मी साउंड रेकॉर्डर लावलेला होता आणि तो सकाळपासून चालू होता. त्याच्यात सगळं होतं. श्वास, खडूचे हात झटकल्याचा आवाज, रोप ग्रिग्रीतून सरकल्याची घरघर, त्या मूव्हला बिलेयरने रोखून धरलेला श्वास, नंतर बराच वेळ काही नाही, आणि मग साखळीत रोप अडकवल्याची टकटक. फिल्मचा शेवट आम्ही काळ्या पडद्यावर तोच आवाज लावला, आणि खाली लिहिलं की हा त्या सकाळचा आवाज आहे, कॅमेरा बंद होता. नंतरच्या दिवसाचे दोन शॉट मध्ये वापरले, तिथे पण स्पष्ट लिहिलं की हे दुसऱ्या दिवशीचं. कुणीही तक्रार केली नाही, उलट लोक त्या काळ्या पडद्याबद्दलच विचारतात.

२०१७ मध्ये ओन्ड्राने नॉर्वेच्या फ्लाटांगरमधल्या गुहेत जगातला पहिला ९सी केला, त्या रूटचं नाव सायलेन्स. एरवी चढताना प्रचंड ओरडणारा माणूस, पण शेवटचा क्लिप झाल्यावर त्याच्या तोंडून आवाजच फुटला नाही, नुसता रोपवर लटकून राहिला आणि डोळ्यांत पाणी. तो क्षण कुणी दुसऱ्या दिवशी परत करून दाखवू शकला नसता.

तर तुमच्या दोस्ताला परत चढू दे, हरकत नाही, दुसऱ्या दिवसाचे क्लोजअप सगळेच घेतात. फक्त ते काय आहे ते पडद्यावर लिहा. आणि तुमच्याकडे दोन वर्षांचं पडण्याचं जे फुटेज असेल ते एक सेकंद पण डिलीट करू नका. फिल्म त्यातच आहे. ज्या मूव्हला तो शंभर वेळा पडला ती मूव्ह चार-पाच वेळा सलग दाखवा, एकाच अँगलने, म्हणजे बघणारा पण ती मूव्ह पाठ करेल आणि पाचव्या वेळी त्याचाच पाय जमिनीवर आवळला जाईल. आणि यापुढे माणूस शूजची लेस बांधायला बसला की रेकॉर्डिंग चालू, मग तो वॉर्मअप म्हणो की काहीही म्हणो.

प्रश्न (नाशिकरोड): माझी मुलगी १३ वर्षांची आहे, दीड वर्ष क्लाइंबिंग करते आणि खूप छान करते. तुमच्या मागच्या लेखातला कॅम्पस बोर्ड वाचून तिने वडिलांकडून घरी माळ्याखाली तशी फळी लावून घेतलीये. रोज लटकते. तो १५ वर्षांचा मुलगा करू शकतो तर मी का नाही म्हणते. गेल्या आठवड्यापासून मधलं बोट मधल्या पेराच्या सांध्याशी दुखतंय म्हणते. काय करावं?

उत्तर: ताई, आधी ती फळी काढा, आज. आणि बोट दुखतंय तोवर क्लाइंबिंग पूर्ण बंद, आणि हाडांच्या डॉक्टरांकडे, शक्यतो ज्यांना खेळाडूंच्या दुखापतींची माहिती आहे अशांकडे, नेऊन एक्स-रे काढून घ्या. मी डॉक्टर नाही पण हे लक्षण मला चांगलं माहितीये. वाढत्या वयात बोटाच्या हाडांना टोकाशी जी वाढीची कूर्चा असते ती अजून पक्की झालेली नसते, आणि पाय न लावता बोटांवर झेपा घेतल्या की सगळा झटका तिथे बसतो, तिथे बारीक फ्रॅक्चर होऊ शकतं. मधलं बोट, मधला सांधा, मागच्या बाजूला दुखणं, ही त्याची नेहमीची जागा. वेळेत थांबवलं तर बरं होतं. अंगावर काढलं तर बोट वाकडं राहू शकतं.

चूक माझी पण आहे, मी मागच्या लेखात कॅम्पस बोर्डचं कौतुक केलं आणि वय लिहायचं राहिलं. वाढ पूर्ण होईपर्यंत कॅम्पस बोर्ड आणि वजन लावून बोटांवर लटकणं नाही, हे जगभरचे चांगले कोच सांगतात. गुलिशने तो बोर्ड बनवला तेव्हा तो २७-२८ वर्षांचा तयार माणूस होता.

मुलीला सांगा की १५ वर्षांचा ओन्ड्रा तिथे पोचला तो लहानपणापासून हजारो वेगवेगळ्या रूट्सवर पाय टाकून. तिला पायांचं काम शिकू द्या, वेगवेगळे कातळ, वेगवेगळे अँगल, आणि भरपूर खेळू द्या. बोट बरं होईपर्यंत तिच्या हातात कॅमेरा द्या, मी गंमत म्हणून सांगत नाहीये. दुसऱ्याचं चढणं महिनाभर व्ह्यूफाइंडरमधून बघितलं की कुठे पाय ठेवायचा ते डोळ्यात बसतं. एक्स-रेमध्ये काय आलं ते मला नक्की कळवा.

प्रश्न (त्र्यंबक रोड): अंजनेरीच्या कड्यावर ड्रोनने क्लाइंबिंग शूट करायला चालेल का? आणि तिथे किंवा एखाद्या किल्ल्यावर आपला पण एखादा अवघड रूट बोल्ट करता येईल का, नाशिकचा ॲक्शन डिरेक्ट?

उत्तर: अंजनेरीला ड्रोन नको. ते संवर्धन राखीव क्षेत्र आहे आणि त्या कड्यांमध्ये लांब चोचीची गिधाडं घरटी करतात, देशभरात ती आता फार थोडी उरलीत, ड्रोनच्या आवाजाने पक्षी अंड्यावरून उठला की अंडं गेलं. बाकी ठिकाणी पण उडवण्याआधी सरकारचा ड्रोनसाठीचा नकाशा (डिजिटल स्काय) बघा, देवळालीला लष्कर आणि ओझरला विमानतळ असल्यामुळे नाशिकच्या आसपासचा बराच भाग बंद किंवा परवानगीचा आहे. शिवाय माझा अनुभव असा की ड्रोनचा शॉट एकदा बघायला छान वाटतो, बोटं त्यात कधीच दिसत नाहीत.

किल्ल्यावर ड्रिल नाही, विषयच नाही. वनखात्याच्या हद्दीत पण परवानगीशिवाय नाही. अवघड रूट नाशिकमध्ये व्हावा ही इच्छा माझी तुमच्यापेक्षा जुनी आहे. पण आधी कातळ शोधावा लागतो, जो किल्ला नाही, लेणं नाही, देवस्थान नाही, घरटं नाही, आणि ज्याचा दगड ठोकल्यावर पोकळ वाजत नाही. हे शोधायला दोन-तीन उन्हाळे पायी फिरावं लागेल. येणार असाल तर कळवा.

प्रश्न (इंदिरानगर): आम्ही तिघेच जण जातो. एक चढतो, एक बिले देतो, एक आराम करतो. आराम करणारा झोपलेला असला तर बिलेयरने एका हातात मोबाइल धरून शूट केलं तर चालेल का? ग्रिग्री आहे.

उत्तर: नाही. ग्रिग्री असली तरी नाही, दोन सेकंद असले तरी नाही. ब्रेकचा हात रोपवर आणि डोळे चढणाऱ्यावर. हजार-बाराशेचा एक छोटा ट्रायपॉड घ्या, बाजूला दगडावर लावून रेकॉर्डिंग चालू करून ठेवा, फ्रेम थोडी मोठी धरा म्हणजे तो वर गेला तरी बाहेर जाणार नाही. नाहीतर तिसऱ्याला उठवा.